मोटारीच्या काळ्या काचा



आज आपणांपुढें जो विषय मांडावयाचा आहे तो दिसावयास लहान आहे. मोटारीच्या खिडकीची काच किती काळी असावी, तीवर पडदा लावावा कीं नाहीं, आणि लावल्यास सरकारनें त्यांत हात कां घालावा, एवढाच हा प्रश्न. ज्यांच्या दारीं मोटार आहे त्यांना तो दंडाच्या पावतीपुरता ठाऊक असतो. ज्यांच्या दारीं नाहीं त्यांना आपला त्याच्याशीं संबंध काय, असें वाटतें. मला मात्र या दुसऱ्या मंडळींचाच संबंध अधिक दिसतो. कारण काच काळी केल्याचा लाभ आंत बसणाऱ्यास होतो, आणि तिची किंमत पुष्कळदां बाहेरून चालणाऱ्यास द्यावी लागते. मी कायदेपंडित नाहीं. पस्तीस वर्षें मराठी शाळेंत मुलांना हिशेब आणि व्याकरण शिकविलें, एवढीच माझी पुंजी. पण हा कायदा पुष्कळसा हिशेबाचा आणि थोडासा व्याकरणाचाच आहे, म्हणून बोलण्याचें धाडस करतों.

वाहनाला पडदा असणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. मेण्याला पडदा असे, गोषांतल्या स्त्रियांच्या रथाला पडदा असे, आणि मोटारी आल्या तेव्हां कित्येक संस्थानिकांनीं राणीवशासाठीं पडद्याच्या मोटारी मुद्दाम करवून घेतल्या. पडद्याआड बसणारें माणूस मोठें आणि उघड्यावर बसणारें सामान्य, ही समजूत तेव्हांपासूनची आहे; आजच्या काळ्या काचेच्या हौसेंत तिचा अंश मुळींच नाहीं असें मला म्हणवत नाहीं. पण मेणा आणि मोटार यांत एक मोठा भेद आहे. मेणा भोई वाहून नेत, आणि भोयांचे डोळे पडद्याबाहेर असत. छकड्याचा गाडीवान उघड्यावर बसे. मोटारींत मात्र पाहणारा आणि लपणारा एकाच पेटींत बसतात. लपणाऱ्यासाठीं पेटी अंधारी केली कीं पाहणाराही अंधारांत जातो.

आतां नियम काय आहे तें सांगतों. मोटार वाहनांचा आपला चालू कायदा १९८८ सालचा, आणि त्याखालीं केंद्र सरकारनें केलेले नियम १९८९ सालचे. त्यांतला शंभरावा नियम काचेचा आहे. त्याचें म्हणणें असें कीं, पुढच्या आणि मागच्या काचेंतून दृश्य प्रकाशाचे शेंकडा ७० भाग तरी आरपार गेले पाहिजेत, आणि बाजूच्या खिडक्यांच्या काचांतून शेंकडा ५०. येथें व्याकरणाचा एक बारकावा आहे. काच अशी 'असली पाहिजे' एवढ्यावर नियम थांबत नाहीं. ती तशी 'राखली पाहिजे' असेंही तो म्हणतो. म्हणजे कारखान्यांतून गाडी बाहेर पडली त्या दिवशीं काच चांगली होती, एवढें सांगून मालकाची सुटका होत नाहीं. पुढें तिचें काय केलें, याचाही जाब त्याच्याकडे आहे.

हे आंकडे ऐकून पुष्कळांना वाटतें कीं, बाजूच्या काचेला ५० भाग पुरतात, तर बाजारांतून '५० टक्क्यांची' फिल्म आणून चिकटविली म्हणजे काम झालें. येथेंच हिशेब चुकतो, आणि तो चुकू नये म्हणून मी थोडा वेळ घेतों. काच म्हणजे शून्य नव्हे. अगदीं साधी, पातळ, स्वच्छ काच घेतली तरी तिच्या दोन्ही पृष्ठभागांवरून थोडा प्रकाश परत फिरतो, थोडा तिच्या पोटांत मुरतो, आणि शंभरांतले सुमारे ९० भाग पलीकडे जातात. मोटारीच्या काचा तर बहुधा किंचित हिरवट छटेच्या असतात. त्यांतून पाऊणशेच्या आसपास भाग जातात असें धरूं. आतां तीवर निम्मा प्रकाश सोडणारी फिल्म लावली, तर आलेल्या ७५ भागांचे निम्मे, म्हणजे साडेसदतीसच भाग आंत येतील. हा वजाबाकीचा प्रश्न नव्हे, अपूर्णांकांच्या गुणाकाराचा आहे. चौथीच्या वर्गांत मी मुलांना सांगत असें कीं, भाकरीच्या पाऊण भागाचा अर्धा भाग हा अर्ध्या भाकरीहून लहानच असतो. तेंच हें. पुढच्या काचेवर तर मुळींच वाव राहत नाहीं: ७५ मधून ७० राखावयाचे, तर चिकटविलेल्या थरानें शंभरांतले ९३ भाग तरी सोडले पाहिजेत, आणि तसा थर डोळ्यांना काळा दिसणारच नाहीं. ज्याला काळेपणा हवा त्याचें समाधान कायद्याच्या चौकटींत होणें जवळजवळ अशक्य, असा या गुणाकाराचा निकाल आहे.

शेंकडा ७० कशाला, ४० कां पुरूं नयेत, असें कोणी विचारील. भर दुपारीं पुरतात. आपला डोळा मोठा सोशिक आहे. उन्हांतून निम्मा प्रकाश काढून घेतला तरी त्याला फारसें उणें भासत नाहीं. खरी परीक्षा दिवेलागणीला आणि पावसांत होते. त्या वेळीं रस्त्यावर मुळांतच प्रकाश थोडा, आणि त्या थोड्यांतले निम्म्याहून अधिक आपण दारांतच अडविलेले. समोरून दिव्यांचा झोत आला कीं डोळा दिपतो, आणि अंधाराला तो पुरता सरावावयास वीस ते तीस मिनिटें लागतात. रस्त्यावर तेवढी फुरसत कोणास? शिवाय आम्हां म्हाताऱ्यांची एक अडचण आहे. वयाबरोबर डोळ्याची बाहुली आकसते आणि भिंग पिवळटतें. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तरुणाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच प्रकाश पोंचतो, असें नेत्रवैद्य सांगतात. निसर्गानेंच ज्याच्या डोळ्यावर फिल्म लावली आहे त्यानें गाडीवर दुसरी लावावी हें विपरीत होय. मुलानें हौसेनें काळी करून आणलेली मोटार संध्याकाळीं वडील चालवितात, असें पुष्कळ घरांत घडतें.

हें झालें आंतून बाहेर पाहण्याविषयीं. पण बाहेरून आंत पाहण्याचेंही महत्त्व तेवढेंच आहे, आणि तें मला शाळेच्या फाटकापाशीं समजलें. आमची शाळा बाजाराच्या रस्त्यावर होती. दर जून महिन्यांत तिसरी-चौथीच्या मुलांना रस्ता ओलांडण्याचा पाठ मी स्वतः फाटकाबाहेर उभा राहून देत असें. डावीकडे पहा, उजवीकडे पहा, हें तर सर्वच सांगतात. मी त्यांत एक भर घालीत असें: नुसती गाडी पाहूं नका, गाडी चालविणाऱ्याचे डोळे पहा, त्यानें तुमच्याकडे पाहिलें असें दिसलें तरच पाऊल टाका. मोठीं माणसें हें न शिकतां करतात. आपण रस्ता ओलांडतांना चालकाकडे बघतों, तो मान हलवितो किंवा हात करतो, आणि त्या क्षणांत दोन अनोळखी माणसांत एक करार होतो. असा एक पाठ चालला असतां चकचकीत काळ्या काचांची एक मोटार समोरून गेली, आणि तिसरींतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, पण ह्या गाडीला डोळेच नाहींत." मला उत्तर सुचेना. अशा गाडीला आधीं पुढें जाऊं द्यावें, एवढेंच मी सांगितलें. तें उत्तर अपुरें होतें. पण दुसरें उत्तर देणें माझ्या हातीं नव्हतें, तें गाडीवाल्याच्या हातीं होतें.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनीं, श्रावणांतल्या एका झांकोळलेल्या संध्याकाळीं, शाळा सुटतांना फाटकासमोर उभी असलेली एक मोटार मागें येऊं लागली. मागची काच काळीभोर. दुसरींतला एक मुलगा गाडीमागून रस्त्याच्या कडेनें येत होता. त्याची पाण्याची बाटली पडली आणि ती उचलावयास तो खालीं वाकला. फाटकापाशीं पेरू विकणारी बाई होती. तिनें टोपली टाकून गाडीच्या पाठीवर दोन्ही हातांनीं थापा मारल्या म्हणून गाडी थांबली. मुलगा बाजूला झाला होता. दप्तर चाकाखालीं गेलें. गाडींतून उतरलेले गृहस्थ सज्जन होते. त्यांचे हात थरथरत होते, आणि ते एकच वाक्य पुनःपुन्हां म्हणत होते कीं, मला मागचें कांहीं दिसलें नाहीं. मुलगा वाकण्यापूर्वीं पांच-सहा पावलें सरळ त्या काचेसमोरून चालत आला होता. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं नवें दप्तर आणि पेरूवालीसाठीं साडी आणून दिली. काच मात्र मी पुढें कित्येक दिवस तशीच पाहत होतों. त्या गृहस्थांना दुष्ट म्हणावें असें मला कधींच वाटलें नाहीं. भीति ओसरली, ऊन पुन्हां तापलें, आणि काच राहून गेली.

नियम १९८९ पासून होता. मग गाड्या काळ्या कशा राहिल्या? दोन कारणें होतीं. एक, मोजावयाचें यंत्र रस्त्यावरच्या शिपायाजवळ क्वचितच असे, आणि नुसत्या नजरेनें ५० कीं ४० हें कोण सांगणार? दुसरें, पहिल्या अपराधाला दंड अवघा शंभर रुपये. हजारों रुपये देऊन फिल्म लावणाऱ्याला शंभर रुपयांची धाक कसली? या स्थितीवर एका नागरिकानें सर्वोच्च न्यायालयाकडे जनहिताचा अर्ज केला. त्याचा निकाल २७ एप्रिल २०१२ रोजीं लागला. सरन्यायाधीश कापडिया यांच्या अध्यक्षतेखालील पीठाच्या वतीनें न्यायमूर्ति स्वतंत्र कुमार यांनीं तो लिहिला. न्यायालयानें टक्केवारीचा वादच कापून टाकला. त्याचें म्हणणें असें कीं, नियम काचेविषयीं बोलतो. काच बनतांना तींत जी छटा असेल ती ७० आणि ५० च्या मर्यादेंत असावी. त्या काचेवर मागाहून काळी फिल्म किंवा दुसरा कोणताही पदार्थ लावण्याची मुभा नियमांत कोठेंच नाहीं, मग फिल्म कितीही टक्क्यांची असो. ४ मे २०१२ पासून ही मनाई देशभर लागू झाली. फिल्म बनविणारे आणि विकणारे पुन्हां न्यायालयापुढें गेले; त्यांचे अर्ज ऑगस्ट २०१२ मध्यें फेटाळले गेले. हुकूम कठोर होता, पण त्यांत एक शहाणपण होतें. शिपायास यंत्राची गरज उरली नाहीं. नख लावून पाहिलें, थर निघतो कीं नाहीं, झालें.

निकालपत्रांत अपघातांइतकाच भर गुन्ह्यांवर आहे. लूट, पळवून नेणें, स्त्रियांवरील अत्याचार, यांत काळ्या काचांच्या वाहनांचा उपयोग होतो, ही गोष्ट न्यायालयानें मनावर घेतली होती. त्या वेळीं हें अतिशयोक्तीचें आहे असें म्हणणारे पुष्कळ भेटले. मनाईला सात महिने उलटून गेले, आणि १६ डिसेंबर २०१२ च्या रात्रीं दिल्लींत जी घटना घडली तिचा तपशील येथें सांगण्याची गरज नाहीं. ऐकणाऱ्या प्रत्येक घराला तो ठाऊक आहे. त्या बसच्या काचा काळ्या होत्या आणि आंत पडदे होते. राजधानीच्या दिव्यांनीं उजळलेल्या हमरस्त्यांवरून ती फिरत होती. बंदी होती, हुकूम ताजा होता, आणि तरीही ती गाडी तशीच रस्त्यावर होती. पुढें तेव्हांचे गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनीं संसदेंत जे उपाय सांगितले त्यांत काळ्या काचांच्या आणि पडद्यांच्या बसगाड्या जप्त करण्याचा एक होता. पारदर्शक काच असती तर तें घडलेंच नसतें, असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, उघड्या काचेची बस जातांना शेंकडों डोळ्यांसमोरून जाते, आणि काळ्या काचेची कोणाच्याच डोळ्यांसमोरून जात नाहीं.

आतां दुसरी बाजू. ती मी हलकी करून सांगणार नाहीं, कारण ती खरी आहे. चैत्र-वैशाखांत नागपूर-अकोल्याकडे किंवा सोलापुराकडे ज्यानें मोटारीनें दुपारचा प्रवास केला आहे त्याला काळ्या काचेचा मोह कां होतो हें सांगावें लागत नाहीं. मांडीवर तान्हें मूल असतें, त्याच्या तोंडावर ऊन येतें. म्हातारीला भोंवळ येते. अशा वेळीं नियमाचा शंभरावा आंकडा सांगणारा मनुष्य शत्रूसारखा वाटतो.

पण उष्णता आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें येथें ध्यानांत घ्यावें. सूर्याकडून आपल्यापर्यंत जी शक्ति येते तींतली सुमारें निम्मी डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या किरणांची असते. दिसणारा प्रकाश निम्म्याहून थोडा कमी. जांभळ्यापलीकडचे, त्वचेला बाधणारे किरण शेंकडा पांचाच्या आंतबाहेर. नुसती रंगविलेली काळी फिल्म मुख्यतः दिसणारा उजेड अडविते. ती स्वतः तापते, काच तापविते, आणि त्या तापाचा कांहीं भाग आंतच सोडते. म्हणजे डोळ्याला गार वाटतें त्या मानानें अंगाला गार होत नाहीं. उलट, उजेड सोडून उष्ण किरण अडविणाऱ्या काचा हल्लीं कारखान्यांतूनच येतात, आणि त्या काळ्या नसतात. पुढची काच तर दोन काचांच्या मध्यें पातळ लवचिक थर घालून केलेली असते. तो थर जांभळ्यापलीकडचे किरण जवळजवळ सगळे अडवितो. बाजूच्या काचा बहुधा तशा नसतात, म्हणून लांबच्या प्रवासांत खिडकीकडचा हात काळवंडतो. मुलाच्या अंगावर सुती पांढरें पांघरूण टाकणें आणि गाडी सावलींत लावणें हे उपाय जुने आहेत, पण ते अजून बाद झालेले नाहींत.

याच उन्हाच्या संबंधांत एक गोष्ट अशी आहे कीं ती ऐकल्यावर काळ्या काचेची ढाल हातांत धरवत नाहीं. दर उन्हाळ्यांत देशांत कोठें ना कोठें बातमी येते कीं, खेळतां खेळतां मुलें उभ्या मोटारींत शिरलीं, दार लागलें, आणि तीं गुदमरून गेलीं. अमेरिकेंत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, उन्हांत उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आंतलें उष्णमान तासाभरांत सुमारें २२ अंश सेल्सिअसनें चढतें, आणि त्या वाढीपैकीं शेंकडा ८० पहिल्या अर्ध्या तासांतच होते. खिडकी बोटभर उघडी ठेवल्यानें विशेष फरक पडत नाहीं. बाहेर ३५ अंश असतील तर आंत काय होईल, हा हिशेब सोपा आहे. त्या अर्ध्या तासांत गाडीजवळून दहा माणसें जातात. काच पारदर्शक असेल तर त्यांतल्या एकाला तरी आंतलें मूल दिसेल. काळी असेल तर मूल बाहेरच्यांना पाहत राहील आणि बाहेरचे काचेंत आपला भांग पाहून पुढें जातील.

खाजगीपणाचा आक्षेप उरतो. माझ्या मोटारींत मी कोणाबरोबर बसलों आहें हें जगानें कां पाहावें, हा प्रश्न अगदींच चुकीचा नाहीं. माझें उत्तर असें कीं, मोटार घराचा तुकडा नव्हे. ती रस्त्याचा तुकडा आहे. घराच्या खिडकीला पडदा लावला तर कोणाच्या अंगावर घर येत नाहीं. विलायतेंतला नियम या बाबतींत बोधक आहे. तेथें १ एप्रिल १९८५ पासूनच्या गाड्यांना पुढच्या काचेसाठीं शेंकडा ७५ आणि चालकाशेजारच्या दोन खिडक्यांसाठीं ७० अशी मर्यादा आहे, पण मागच्या काचा कितीही काळ्या असल्या तरी चालतात. म्हणजे त्या लोकांनीं चालकाची दृष्टि तेवढी राखली आणि मागच्या आसनाला एकांत दिला. आपल्या कायद्यानें मागच्या आसनालाही उजेडांत बसविलें, याचें कारण आपल्याला अपघाताबरोबर अपहरणाचीही चिंता आहे. विलायतेचा नियम जसाच्या तसा उचलावा असें मला वाटत नाहीं. त्यांचे रस्ते वेगळे, आणि आपल्या रस्त्यांवर मागें येणाऱ्या गाडीच्या पाठीशीं उभीं असणारीं पोरेंही वेगळीं.

अपवाद आहेत. २०१२ च्या निकालानेंच ज्यांच्या जिवाला धोका आहे, आणि ज्यांना 'झेड' व 'झेड प्लस' दर्जाचें संरक्षण आहे, त्यांच्यापुरती सवलत ठेवली. तीही राज्याचे गृहसचिव आणि पोलीसप्रमुख यांच्या समितीनें तपासून द्यावयाची. हें योग्यच आहे. अयोग्य तें पुढें घडतें. संरक्षण असलेल्या एकाची काच काळी पाहून त्याच्या पुतण्याला, पुतण्याच्या मित्राला आणि मित्राच्या गुत्तेदाराला वाटूं लागतें कीं, काळी काच ही धोक्याची नव्हे, दर्जाची खूण आहे. शिपायालाही तसेंच वाटतें, आणि तो अशी गाडी अडवावयास कचरतो. केरळांत २०२१ च्या जानेवारींत मोटार वाहन खात्यानें 'ऑपरेशन स्क्रीन' नांवाची मोहीम काढली, तेव्हां मंत्र्यांच्या सरकारी गाड्यांचे पडदेही चर्चेंत आले. मोहीम अल्पजीवी ठरली. तरी पडद्याचा प्रश्न तिनें उघडा केला हें बरें झालें. कारण कित्येक चतुर लोक म्हणतात कीं, न्यायालयानें काचेवर कांहीं लावूं नका म्हटलें. आमचा पडदा काचेवर कोठें आहे, तो तर सळईवर आहे! या व्याकरणाला मी दहांपैकीं दोन गुण देईन. नियमाचा हेतु प्रकाश आरपार जाण्याचा आहे. सळईवरचा पडदा तो अडवितोच.

आतां शेवटची, आणि थोडी गुंतागुंतीची गोष्ट. २०१२ चा निकाल त्या वेळच्या नियमाच्या शब्दांवर उभा होता. ते शब्द पुढें बदलले. केंद्र सरकारनें केलेली दुरुस्ती १ एप्रिल २०२१ पासून अमलांत आली, आणि जेथें नुसती 'सुरक्षा-काच' होती तेथें 'सुरक्षा-काच किंवा सुरक्षा-ग्लेझिंग' असें झालें. भारतीय मानकाच्या २०१९ च्या आवृत्तींत या ग्लेझिंगच्या प्रकारांत आंतल्या बाजूस प्लॅस्टिकचा थर असलेली काचही येते. यावरून सप्टेंबर २०२४ मध्यें केरळच्या उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, मानकास उतरणारा आणि ७० व ५० ची मर्यादा राखणारा थर लावला तर तो बेकायदा नाहीं, त्यासाठीं दंड करतां येणार नाहीं, आणि असा थर लावण्याचा अधिकार एकट्या कारखानदाराचा नसून मालकाचाही आहे. दुकानदारांना या निर्णयानें मोठा हुरूप आला. पण त्यांनीं पाट्यांवर 'फिल्म कायदेशीर झाली' एवढेंच लिहिलें, आणि 'मर्यादा राखणारा' हे दोन शब्द गाळले. मर्यादा तर जागच्या जागीं आहे. मघाचा गुणाकारही जागच्या जागींच आहे. शिवाय हा निर्णय केरळच्या न्यायालयाचा आहे. आपल्या गांवचा वाहतूक-शिपाई सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा हुकूम पुढें करील, तर त्याला अडाणी म्हणतां येणार नाहीं.

तेव्हां ज्यांना उन्हाचा खरोखरच त्रास आहे त्यांनीं दुकानदाराला फिल्मचा टक्का न विचारतां, काच आणि फिल्म मिळून किती प्रकाश सोडतात तें यंत्रानें मोजून दाखवावयास सांगावें, आणि थरावर भारतीय मानकाची खूण आहे कीं नाहीं तें स्वतः पाहावें. गाडीच्या मूळ काचेच्या कोपऱ्यांत अशी खूण कोरलेली असते. तशीच थराचीही मागावी. खूण नाहीं, यंत्र नाहीं, आणि 'साहेब, कोणी पकडत नाहीं' एवढेंच आश्वासन असेल, तर उठून यावें. १९८८ च्या कायद्यास २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें या जातीच्या अपराधाचा दंड पहिल्या वेळीं ५०० आणि पुढच्या वेळीं १५०० रुपयांपर्यंत गेला आहे; शंभराच्या काळांतला निर्धास्तपणा आतां महाग पडतो.

लावलेली फिल्म काढावयाची असेल तर घरींही काढतां येते. काच बाहेरून उन्हांत किंवा केस वाळविण्याच्या यंत्रानें कोमट करावी, कोपऱ्यापासून थर सावकाश सोलावा, आणि मागें राहणारा डिंक साबणाच्या गरम पाण्यानें भिजवून पुसावा. मागच्या काचेवर मात्र पातें कधींही चालवूं नये; तिच्या आंतल्या अंगाला धुकें घालविणाऱ्या बारीक तारा बसविलेल्या असतात, आणि एक तुटली कीं तेवढी पट्टी पावसाळ्यांत आंधळी राहते.